ताठ साखळीच्या अ‍ॅरामिडचे स्फटिक द्रावणातून कसे घ्यावेत: मराठवाड्यातल्या प्रयोगशाळेसाठी सविस्तर कृती

केव्हलार किंवा ट्वारॉन या नावांनी विकला जाणारा पिवळा धागा म्हणजे पॉली-पॅरा-फेनिलिन टेरेफ्थॅलमाइड, थोडक्यात पीपीटीए. याचे स्फटिक घ्यायचे तर द्रावणाशिवाय मार्ग नाही. नायलॉन वितळवून थंड करता येतो. पीपीटीए मात्र ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे, वितळण्याआधीच विघटित होऊ लागतो. नेहमीचे सेंद्रिय द्रावकही त्याला विरघळवत नाहीत. उरतं ते तीव्र सल्फ्युरिक आम्ल. आम्लातले प्रोटॉन अमाइड गटांना चिकटतात, साखळ्यांमधले हायड्रोजन बंध तुटतात आणि सारखा भार आलेल्या साखळ्या एकमेकींना दूर लोटतात. पाणी आत आलं की आम्लाची ताकद उतरते, प्रोटॉन निघून जातात आणि साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात. त्या एकमेकींना कशा धरतात, हे पाणी किती सावकाश आलं यावर ठरतं. पुढची सगळी कृती या एका गोष्टीसाठी आहे.

साखळी वळत नाही, म्हणून घाई चालत नाही

पॉलिथिलीनची साखळी स्फटिकात घडी घालून बसते. पीपीटीएच्या साखळीत बेंझीनची कडी समोरासमोरच्या टोकांना जोडलेली असतात, त्यांच्यामधला अमाइड गट सपाट आणि ट्रान्स (म्हणजे साखळीचे दोन्ही भाग विरुद्ध बाजूंना ठेवणारा) असतो, त्यामुळे तिला घडी घालता येत नाही. ती आहे तशी लांबच स्फटिकात शिरते. एका एककाची लांबी १.२९ नॅनोमीटर आणि रेणुभार २३८. म्हणजे २०,००० रेणुभाराची साखळी साधारण १०८ नॅनोमीटर लांब आणि फक्त अर्धा नॅनोमीटर जाड. चुकीच्या जागी चिकटलेली अशी साखळी पुन्हा सुटून नीट बसायला फार वेळ घेते, आणि आम्लाची ताकद झपाट्याने उतरत असेल तर तिला तो वेळ मिळतच नाही. मग स्फटिकाऐवजी गाळासारखे तंतू आणि जेली हाती येते.

द्रावण किती घट्ट आहे हेही तितकंच महत्त्वाचं. मोकळ्या अंगणात कडब्याची चार-सहा ताटं टाकली तर ती कशीही पडतात, पण गाडी भरायची म्हटलं की ती एका दिशेने लावल्याशिवाय मावत नाहीत. द्रावणातल्या ताठ साखळ्यांचंही तसंच होतं. पॉलिमरशास्त्रज्ञ फ्लोरीने १९५६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार लांबी-जाडीचं गुणोत्तर २१६ असेल तर आकारमानाने ४ टक्क्यांच्या आतच साखळ्या रांगेत याव्यात. प्रत्यक्षात साखळी पूर्ण सरळ नसते, थोडी वाकते, त्यामुळे १०० टक्के आम्लात हा टप्पा वजनाने साधारण ८ ते १० टक्क्यांवर येतो. तिथे चिकटपणा शिखरावर पोहोचतो आणि पुढे पॉलिमर वाढवूनही द्रावण पातळ होतं. ढवळताना त्यात मोत्यासारखी चमक दिसते. रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांना १९६५ मध्ये ड्युपाँट कंपनीत पॅरा-अमाइडचं जे गढूळ पण पातळ द्रावण मिळालं, ते याच अवस्थेतलं होतं.

धागा काढणारे कारखाने २० टक्क्यांच्या आसपासचं द्रावण ८० अंशांना वापरतात. आपल्याला स्फटिक हवेत, म्हणून आपण उलट टोकाला, ०.१ टक्क्यावर काम करायचं.

साहित्य

वाळूज आणि शेंद्रा भागात ऑप्टिकल फायबर केबलचं उत्पादन होतं. केबलच्या आत काचतंतूभोवती असलेला पिवळा धागा अ‍ॅरामिडच असतो. केबलचे फेकलेले तुकडे मिळाले तर कच्च्या मालाची सोय झाली. फक्त धाग्यावर कधीकधी पाणी शोषणारी भुकटी किंवा जेली लावलेली असते, ती पूर्ण निघायला हवी.

बाकीचं साहित्य असं: ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल (घनता १.८४), काचेचा डेसिकेटर (हवाबंद झाकणाचं भांडं), ५० मिलीचं रुंद तोंडाचं बीकर, टेफ्लॉनचा स्टिरर-बार, जी-३ सिंटर्ड (सच्छिद्र तळाच्या) काचेचं फनेल, एक मिलिग्रॅम दाखवणारा वजनकाटा, लिथियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड, काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या सेंट्रिफ्यूज नळ्या, ध्रुवित प्रकाशाचा मायक्रोस्कोप. फ्यूम हूड (धूर बाहेर ओढणारं कपाट) नसेल तर ही कृती करू नका. हातमोजे ब्यूटिल किंवा निओप्रीनचे घ्या. निळे नायट्राइल मोजे तीव्र आम्लासमोर टिकत नाहीत. चेहऱ्यावर फेसशील्ड, जवळ वाहतं पाणी.

ओलियम (सल्फर ट्रायऑक्साइड विरघळलेलं सल्फ्युरिक आम्ल) मिसळून १०० टक्के आम्ल बनवायचा मोह अनेकांना होतो. गणित सोपं आहे: २० टक्के ओलियम म्हणजे १०४.५ टक्के आम्ल, त्यामुळे ९८ टक्क्यांचं ६९.२ ग्रॅम आणि ओलियम ३०.८ ग्रॅम घेतलं की १०० टक्के होतं. पण ०.१ टक्क्याच्या द्रावणाला त्याची गरज नाही. ९८ टक्क्यांत इतका पॉलिमर सहज विरघळतो. ओलियमचा धूर, पॉलिमरमध्ये सल्फोनिक गट शिरण्याचा धोका, हे सगळं विनाकारण अंगावर घेऊ नये. शिवाय १०० टक्के आम्ल १०.४ अंशांना गोठतं. परभणीत जानेवारीच्या पहाटे पारा १० च्या खाली जातो, आणि मग बाटलीत चमकणारे स्फटिक आम्लाचेच असतात.

पाण्याबद्दल आधीच

इथलं बोअरचं पाणी जड असतं, बेसॉल्टच्या खडकातून कॅल्शियम घेऊन येतं. सल्फ्युरिक आम्लात कॅल्शियम गेलं की जिप्सम तयार होतं, त्याच्या सुया ध्रुवित प्रकाशात चकाकतात आणि नवखा विद्यार्थी त्यांनाच अ‍ॅरामिडचे स्फटिक समजतो. त्याहून वाईट म्हणजे क्ष-किरण आलेखात जिप्समचं एक शिखर २०.७ अंशांना येतं, अगदी पीपीटीएच्या २०.५ अंशांच्या शिखराला खेटून. ओळखायची खूण अशी की जिप्समचं मोठं शिखर ११.६ अंशांना असतं आणि तिथे पीपीटीएचं काहीच नसतं. म्हणून भांडी विसळण्यापासून शेवटच्या धुण्यापर्यंत डिस्टिल्ड पाणीच वापरा. आरओचं पाणी पुरेसं नाही.

द्रावण तयार करणं

धागा २-३ मिलिमीटरचे तुकडे करून सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) अ‍ॅसिटोनने सहा ते आठ तास धुवा, मग १०५ ते ११० अंशांना रात्रभर वाळवा. वाळवणं टाळू नका, कारण हा पॉलिमर हवेतला ओलावा चार ते सात टक्के धरून ठेवतो आणि तेवढं वजन चुकतं. अ‍ॅसिटोनचा वास पूर्ण गेल्याशिवाय धागा आम्लात घालायचा नाही.

५० मिलिग्रॅम धागा ५० ग्रॅम आम्लात टाका. आकारमानाने हे आम्ल साधारण २७ मिली भरतं. भांडं घट्ट बंद करून खोलीच्या तापमानाला हळू ढवळत ठेवा. एक रात्र ते एक दिवस लागतो. उशीर होतोय म्हणून आम्ल उकळत्या पाण्यावर ठेवू नका. उष्णतेत साखळ्या तुटतात, आणि आम्लात थोडं पाणी असेल तर जलविघटन आणखी वेगाने होतं. ५० अंशांच्या वर जायची गरज नाही. द्रावण फिकट पिवळं आणि नितळ दिसलं पाहिजे. तपकिरी छटा आली तर तो घाण झालेला किंवा तापलेला माल आहे, तो टाकून द्या.

गाळताना कागद वापरू नका. तीव्र आम्लात कागद जळून काळे कण सुटतात आणि प्रत्येक कणावर अवेळी स्फटिक धरतो. सिंटर्ड फनेलमधून हलक्या निर्वातात गाळा.

साखळ्या शाबूत आहेत का, हे चिकटपणावरून तपासा. १२५ मिलिग्रॅम पॉलिमर २५ मिली आम्लात विरघळवून उबेलोडे नळीत (चिकटपणा मोजायच्या बारीक काचनळीत) २५ अंशांना ते वाहून जायला लागणारा वेळ मोजा. नुसत्या आम्लाच्या तुलनेत वेळ १२.२ पट आला तर त्याचा नैसर्गिक लॉगरिदम २.५, त्याला प्रति १०० मिली अर्धा ग्रॅम या प्रमाणाने भागलं की ५ डेसिलिटर प्रति ग्रॅम. चांगल्या धाग्याचा आकडा याच घरात येतो. स्फटिक काढून झाल्यावर पुन्हा मोजा. आकडा बराच उतरला असेल तर तुम्ही तुटलेल्या साखळ्यांचे स्फटिक घेतले आहेत. आखूड साखळ्यांचे स्फटिक दिसायला अधिक नीट असतात, म्हणून ही तपासणी फसव्या यशापासून वाचवते.

पाणी आत आणणं: वजनकाटा हेच मीटर

आम्लात पाणी ओतायचं नाही, हा नियम इथेही लागू आहे. ओतलं तर उकळी फुटते आणि थेंब पडेल तिथे पॉलिमर क्षणात गोठतो. म्हणून पाणी वाफेतून येऊ द्यायचं.

गाळलेलं २० ग्रॅम द्रावण बीकरमध्ये घ्या, बीकर स्टिरर-बारसह तोलून ठेवा. डेसिकेटरच्या तळाशी लिथियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण, त्यात न विरघळलेले खडे दिसतील इतकं. लिथियम क्लोराइडवर सापेक्ष आर्द्रता ११ टक्के राहते, मॅग्नेशियम क्लोराइडवर ३३. तीव्र आम्लाच्या पृष्ठभागावर स्वतःची वाफ जवळजवळ नसते, त्यामुळे पाणी शोषण्याचा वेग या आकड्याच्या प्रमाणात चालतो. मॅग्नेशियमवर लिथियमच्या तिप्पट.

वजन किती वाढलं की आम्ल किती उरलं, ते २० ग्रॅमसाठी असं: ०.६३ ग्रॅम वाढलं तर ९५ टक्के, १.७८ वाढलं तर ९० टक्के, ३.०६ ला ८५ आणि ४.५० ला ८० टक्के. हे आकडे डेसिकेटरवर चिकटवून ठेवा. दिवसाला ०.२ ते ०.३ ग्रॅम ही चाल चांगली, त्याने आठवडाभरात ९० च्या आसपास येतं.

इथे ऋतूचा हिशेब ठेवावाच लागतो. सापेक्ष आर्द्रता तीच राहिली तरी पाण्याच्या वाफेचा दाब तापमानाने बदलतो: १५ अंशांना १.७ किलोपास्कल, २५ ला ३.२, ४० ला ७.४. म्हणजे जानेवारीत थंड खोलीत जमलेली चाल मे महिन्याच्या दुपारी चौपटीहून जास्त वेगाने पळते. एप्रिल-मेमध्ये लिथियम क्लोराइडच घ्या आणि डेसिकेटर मोठ्या पाण्याच्या टबात ठेवा. वीस-पंचवीस लिटर पाणी असेल तर लाइट गेली तरी तापमान तासाभरात फारसं हलत नाही. पावसाळ्यात तोलायला बाहेर काढलेलं बीकर झाकणाशिवाय ठेवू नका, तेवढ्यात आकडा वर सरकतो.

सुरुवातीला अगदी हळू ढवळणं चालू ठेवा. कारण असं की पाणी वरून येतं, पातळ आम्ल हलकं असतं आणि वरच तरंगतं. तिथे पॉलिमर आधी गोठून साय धरते आणि खालचं द्रावण तसंच राहतं. साय धरली की तो सगळा घाणा पुन्हा विरघळवावा लागतो, चमच्याने काढून चालत नाही.

मग एक दिवस प्रकाशाच्या झोतात द्रावणात निळसर धूसरपणा दिसतो. त्या क्षणाचं वजन लिहून ठेवा. हा तुमच्या पॉलिमरचा आणि तुमच्या प्रमाणाचा गढूळ-बिंदू. साखळ्या लांब असतील किंवा द्रावण घट्ट असेल तर तो लवकर येतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन उपयोग नाही. पहिला घाणा या बिंदूसाठीच खर्च करायचा.

दुसऱ्या घाण्यात त्या वजनाच्या थोडं अलीकडे ढवळणं बंद करा. चालू ठेवलं तर साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ओढल्या जाऊन दोऱ्यांसारखे गुच्छ होतात. आता बीकर काचेच्या झाकणाने बंद करून ५० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा आणि तिथून ताशी १ ते २ अंशांनी उतरवत खोलीच्या तापमानाला आणा. हाताशी नियंत्रक नसेल तर बीकर रुंद थर्मासमध्ये गरम पाण्यात बुडवून रात्रभर सोडून द्या, उतार बऱ्यापैकी सौम्य मिळतो.

वाफेची पद्धत लांबते म्हणून काहीजण पातळ आम्ल मिसळतात. चालतं, पण पाणी नाही. १०० ग्रॅम द्रावणाला थंड केलेलं ५० टक्के आम्ल २० ग्रॅम मिसळलं की सगळं मिळून ९० टक्के होतं. बर्फात ठेवून, थेंब-थेंब, जोरात ढवळत. वाफेइतके नीट स्फटिक यात येत नाहीत.

स्फटिक वेगळे करणं

इथे बहुतेकांचा माल वाया जातो. सेंट्रिफ्यूज फिरवला, तळाशी काही दिसलं नाही आणि वरचं सगळं ओतून टाकलं! पीपीटीएच्या स्फटिकाची घनता १.४८, तर ८० टक्के आम्लाची १.७३. स्फटिक वर येऊन तरंगणार. आम्ल ५८ टक्क्यांच्या आसपास उतरलं की घनता जुळते आणि त्याखाली स्फटिक तळाला बसू लागतात. म्हणून पहिल्या फेरीत वरचा थर पिपेटने उचला.

धुणं पायऱ्यापायऱ्यांनी: ७० टक्के थंड आम्ल, मग ५०, ३०, १० आणि शेवटी डिस्टिल्ड पाणी. एकदम पाण्यात टाकलं तर स्फटिकांभोवती चिकटलेल्या द्रावणातला पॉलिमर झटक्यात गोठतो आणि त्यांच्यावर लेप बसतो. पाण्याच्या फेऱ्या चालू असताना धुवण बेरियम क्लोराइडने तपासा, पांढरा साका येत राहील तोवर आम्ल शिल्लक आहे. पीएच कागद इथे पुरेसा नाही. थोडं आम्ल मागे राहिलं तर वाळवताना पाणी उडून तेच पुन्हा तीव्र होतं आणि साखळ्या खातं. शेवटी इथेनॉलने पाणी बदलून १०० अंशांना निर्वातात वाळवा.

धुताना गोल, ध्रुवित प्रकाशात फुलीची छाप दिसणारे स्फटिक विरून गेले तर ते शुद्ध पॉलिमरचे नव्हते. साखळ्या आणि आम्ल एकत्र बसून जो क्रिस्टल-सॉल्व्हेट बनतो, तो पाणी लागताच मोडतो. घट्ट द्रावण थंड करताना हेच होतं: २० टक्क्यांचा डोप (धागा काढायचं घट्ट द्रावण) खोलीच्या तापमानाला कडक पिवळा गोळा होतो आणि तापवला की पुन्हा वाहू लागतो. सॉल्व्हेट नको असेल तर प्रमाण कमी ठेवा आणि आम्ल ९० टक्क्यांच्या खाली उतरू द्या.

काय मिळालं ते ओळखणं

तांब्याच्या क्ष-किरणांनी दोन शिखरं पाहायची: २०.५ अंशांना (११०) आणि २२.६ च्या आसपास (२००); कंसातले आकडे म्हणजे स्फटिकातल्या प्रतलांची नावं. संशोधक नॉर्थोल्ट यांनी १९७४ मध्ये दिलेल्या रचनेशी ती जुळतात: पेशीच्या (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान चौकटीच्या) बाजू ०.७८७, ०.५१८ आणि १.२९ नॅनोमीटर, पेशीत दोन साखळ्या, एक कोपऱ्यावर आणि एक मध्यभागी. २०.५ चं शिखर नसून १७-१८ अंशांना दिसलं तर ते दुसरं रूप आहे, त्यात दुसरी साखळी मध्यभागी नसून बाजूच्या मध्यावर सरकलेली असते. पातळ द्रावण पाण्यात भरभर गोठवलं की हे रूप येतं आणि उष्णता दिली की पहिल्याकडे वळतं. म्हणजे हे शिखर दिसणं हा तुमच्या घाईचा पुरावा आहे.

शिखराच्या रुंदीवरून आकार काढा. २०.५ च्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी १.६ अंश असेल तर शेररच्या सूत्राने आकार साधारण ५ नॅनोमीटर निघतो. उपकरणाची स्वतःची रुंदी आधी वजा करायला विसरू नका. अवरक्त वर्णपटात (आकडे प्रति सेंटीमीटर) १६४५ च्या आसपास कार्बोनिलचं आणि ३३२० जवळ एन-एचचं शिखर हवं. १७०० च्या वर नवं शिखर उगवलं तर साखळ्या तुटून आम्ल-टोकं तयार झाली आहेत.

आम्लाविना दुसरी वाट

हूड नसलेल्या महाविद्यालयांसाठी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत बरी आहे: १ ग्रॅम धागा, १.५ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ५०० मिली डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हा द्रावक), खोलीच्या तापमानाला आठवडाभर ढवळणं. द्रावण गडद लाल होतं आणि पाणी घातलं की बारीक तंतू सुटतात. पण हे तंतू मूळ धाग्याचेच सुटे झालेले भाग असतात, रेणू-रेणू जुळून नव्याने उभा राहिलेला स्फटिक नव्हे. स्फटिकीकरण शिकायला ही वाट कमी पडते. थंडीत डीएमएसओ १८.५ अंशांनाच गोठतो, तेव्हा डिसेंबरात भांडं उबेला ठेवा. आणि हे द्रावण उघड्या हाताला लागू देऊ नका, डीएमएसओ कातडीतून विरघळलेलं सगळं आत नेतो.

उरलेल्या आम्लाचं काय

२० ग्रॅम द्रावणातलं आम्ल मारायला धुण्याचा सोडा २१.२ ग्रॅम किंवा खाण्याचा सोडा ३३.६ ग्रॅम लागतो. आधी आम्ल बर्फाच्या भरपूर पाण्यात सावकाश सोडा, मग सोडा चिमटीचिमटीने. फेस खूप येतो, म्हणून भांडं पाचपट मोठं घ्या. चुना वापरला तर जिप्समचा गाळ बसतो, तो सिंकमध्ये ओतू नका, नळी तुंबते. गाळून, वाळवून वेगळ्या डब्यात नाव लिहून ठेवा.